सिल्व्हरटनला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेन्व्हरला राहायला येऊन आम्हाला चौदा वर्षं झाली. दर उन्हाळ्यात कुणाचे तरी आई-बाबा भारतातून येतात, कुणाचा तरी मामेभाऊ न्यू जर्सीहून सहकुटुंब येतो, आणि मला फोन येतो, "ती डोंगरातली जुनी आगगाडी आहे ना, तिकडे कसं जायचं?" ती गाडी ड्युरँगोहून निघते आणि सिल्व्हरटनला पोहोचते. आम्ही सहा वेळा जाऊन आलो, एकदा तर भर फेब्रुवारीत. फोनवर सांगून सांगून पाठ झालेली उत्तरं इथे लिहून ठेवते.

सिल्व्हरटन नक्की कुठे आहे?

कोलोरॅडोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, सान हुआन पर्वतात. गावाची उंची २,८४० मीटर, वस्ती सहाशेच्या आसपास. सगळं गाव एका वाटीसारख्या सपाट जागेत बसलंय आणि चारी बाजूंनी डोंगर अंगावर आल्यासारखे उभे आहेत. गावाला लागून असलेला केंडल डोंगरच जवळपास चार हजार मीटरचा आहे. मुख्य रस्ता ग्रीन स्ट्रीट तेवढा डांबरी, बाकी गल्ल्या मातीच्या. १८७४ मध्ये गाव आखलं गेलं. आज दिसणाऱ्या बऱ्याच इमारती १८८० ते १९१० या काळातल्या आहेत, आणि १९६१ पासून गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा आहे.

हे गाव इथे वसलं कशासाठी?

चांदीसाठी. पण त्याआधीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हे डोंगर यूट लोकांचे होते. उन्हाळ्यात ते इथे शिकारीला यायचे, थंडीत खाली उतरायचे. सोन्या-चांदीचा वास लागलेले गोरे लोक घुसायला लागले, आणि १८७३ च्या ब्रुनो कराराने यूट लोकांना सान हुआन पर्वत सोडून द्यावा लागला. त्यांच्या बाजूने बोलणारा प्रमुख होता युरे. शेजारच्या गावाला आज त्याचंच नाव आहे. तो १८८० मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या लोकांना बंदुकीच्या धाकाने युटा प्रांतात हाकलून दिलं. त्याची बायको चिपेटाही त्यांच्याबरोबर गेली. सदर्न यूट लोक मात्र आजही ड्युरँगोच्या आग्नेयेला इग्नासिओ गावी आहेत, तिथे त्यांचं स्वतःचं संग्रहालय आहे. सिल्व्हरटनच्या सहलीत अर्धा दिवस त्यासाठी राखून ठेवा असं मी सगळ्यांना सांगते.

करार झाला आणि खाणवाले धावले. १८८२ च्या जुलैत आगगाडी आली. तोवर खच्चरांच्या पाठीवरून जाणारं खनिज डब्यांतून जायला लागलं आणि गाव फुललं.

आता एक गोष्ट, जी तिथल्या फलकांवर मला कुठे दिसली नाही पण आपल्या माणसांना सांगायला मला फार आवडते. त्या काळात हिंदुस्थानात कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावं आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. जगातल्या चांदीचं ते मोठं गिऱ्हाईक. २६ जून १८९३ ला इंग्रज सरकारने ही सोय बंद केली. बातमी तारेने पोहोचली, चांदीचा भाव काही दिवसांत कोसळला आणि कोलोरॅडोतल्या चांदीच्या खाणी एकामागून एक बंद पडायला लागल्या. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेच्या सरकारनेही चांदीची सक्तीची खरेदी थांबवली. किती तरी गावं तेव्हा ओस पडली ती कायमची. सिल्व्हरटन तगलं, कारण इथल्या डोंगरांत चांदीबरोबर सोनंही होतं. फोर्टातल्या टांकसाळीवरून मी शेकडो वेळा गेले असेन, तिचं या गावाशी असं काही नातं असेल हे कधी मनातही आलं नव्हतं.

शेवटची मोठी खाण, सनीसाइड, १९९१ मध्ये बंद झाली. म्हणजे खाणीत काम केलेली माणसं अजून गावात भेटतात. हे नुसतं देखाव्यासाठी सजवलेलं गाव नाही, एवढं लक्षात ठेवून वागावं.

सकाळी गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं म्हणतात. मग मुक्काम कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि माझं उत्तर ठाम आहे: एक रात्र तरी राहा.

एका दिवसाचा हिशेब असा. गाडीला जायला साडेतीन तास, यायला साडेतीन तास, मध्ये गावात दोन तास. त्या दोन तासांत तीन-चार गाड्यांची शेकडो माणसं एकदम उतरतात. हॉटेलांपुढे रांगा लागतात. जेवण येईपर्यंत तास जातो, उरलेल्यात टी-शर्ट आणि फ्रिजवर लावायची चुंबकं घेतली की शिट्टी होते. आमची पहिली खेप अशीच गेली. घरी आल्यावर फोटो पाहिले तर गावाचा एकही नव्हता.

दुसऱ्या खेपेला राहिलो तेव्हा कळलं. दुपारी शेवटची गाडी ब्लेअर स्ट्रीटच्या टोकावरून निघते, शिट्टी डोंगरावर आपटून दोनदा परत येते, आणि मग पाच मिनिटांत गाव रिकामं होतं. दुकानदार बाहेरच्या बाकावर येऊन बसतात, रस्त्यात कुत्री पसरतात. संध्याकाळचं ऊन पूर्वेच्या कड्यांवर चढत जातं आणि खाली गावात अंधारून येतं. त्या वेळी ग्रीन स्ट्रीटवरून चालताना खिडक्यांची जुनी, किंचित लहरी काच दिसते, विटांच्या भिंतींवरच्या पुसट पाट्या वाचता येतात. रात्री आकाशगंगा पाहायला गावाबाहेर जावं लागत नाही. हे सगळं गाडीने त्याच दिवशी परतणाऱ्याला मिळत नाही.

तिकीट काढताना परतीची तारीख दुसऱ्या दिवसाची घेता येते. नाहीतर एकीकडून गाडी आणि एकीकडून बस, अशीही सोय असते. घरात कुणी पाठदुखीवालं असेल तर सात तासांचं बाक टाळायला तीच बरी.

आगगाडीचं तिकीट कधी काढायचं? कुठल्या बाजूला बसायचं?

जुलै आणि सप्टेंबरअखेरची तिकिटं दोन-तीन महिने आधी काढा. स्वस्त नाहीत; साध्या डब्याचंही भाडं माणशी शंभर डॉलरच्या आसपास किंवा वर जातं, वरच्या वर्गांचं त्याच्या कितीतरी पुढे. सिल्व्हरटनपर्यंतची गाडी साधारण मे ते ऑक्टोबर. थंडीत ती अर्ध्या वाटेवरच्या कॅस्केड दरीतून परत फिरते, हे न वाचता तिकिटं काढलेली दोन कुटुंबं मला माहीत आहेत.

जाताना उजवी बाजू, येताना डावी. रॉकवूड स्थानक सोडलं की रूळ कड्यात खोदलेल्या अरुंद पायरीवरून जातात आणि ॲनिमस नदी खाली कितीतरी फुटांवर हिरवीगार दिसते. गाडी तिथे माणसाच्या धावण्याच्या वेगाने चालते. १८८१-८२ च्या थंडीत दोरांना लटकून सुरुंग लावत ही पायरी कोरली. डाव्या बाजूच्यांना त्या वेळी फक्त खडक दिसतो, तोही हात लांबवला तर लागेल इतका जवळ. हात लांबवू नका.

उघडे डबे असतात, त्यांना गोंडोला म्हणतात. दृश्य सगळ्यात चांगलं तिथूनच, पण धुराचे कण डोळ्यांत जातात. साधा गॉगल लावा आणि पांढरे कपडे घालू नका. २०१८ च्या मोठ्या वणव्यानंतर रेल्वेने इंजिनं कोळशावरून तेलावर आणायला सुरुवात केली, त्यामुळे काजळी पूर्वीपेक्षा कमी असते. काही फेऱ्या डिझेलवर असतात. वाफेच्या इंजिनासाठीच जाणार असाल तर तिकीट काढताना तेवढं तपासा.

ही म्हणजे आपली माथेरानची गाडीच ना?

कुळ एकच, पण भावंडं वेगळी. माथेरानचे रूळ दोन फुटांचे, हे तीन फुटांचे. नेरळ-माथेरान १९०७ ची, हवा खायला जाणाऱ्यांसाठी बांधलेली. ही तिच्याआधी पंचवीस वर्षं, खनिज खाली आणायला बांधलेली. नॅरोगेज का, तर कारण दोन्हीकडे तेच: अरुंद रूळ घेतले की वळणं आखूड घेता येतात आणि डोंगर कमी फोडावा लागतो.

माझे सासरे परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाले. त्यांना नेलं तेव्हा ते डब्यात बसायच्या आधी इंजिनाकडे गेले. १९२५ साली फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यात बनलेलं इंजिन. त्यांनी चष्मा पुसून कारखान्याची पाटी वाचली, चाकाजवळच्या दांड्यावरून बोट फिरवलं, बोटावरचं तेल अंगठ्याने चोळून पाहिलं आणि म्हणाले, "रोज हात लावतात हिला." मग इंजिनावरच्या फायरमनशी त्यांच्या मोडक्या इंग्रजीत दहा मिनिटं बोलणं झालं, निम्मं हातवाऱ्यांनी. वाटेत गाडी इंजिनाला पाणी पाजायला थांबली तेव्हाही ते खिडकीतून अर्धे बाहेर. घरात रेल्वेतलं कुणी असेल तर सहल त्यांच्या भोवतीच आखा.

डेन्व्हरहून कसं जायचं?

मोटारीने ड्युरँगो साडेसहा-सात तास, वुल्फ क्रीक घाटातून. न थांबता जाण्याचा हट्ट नको. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला विमानाने उतरलात तर तिथून ड्युरँगो चार तासांच्या आत. ड्युरँगोला छोटा विमानतळ आहे, डेन्व्हर, फिनिक्स, डॅलसहून विमानं येतात. ड्युरँगो ते सिल्व्हरटन मोटारीने सव्वा तास, वाटेत कोल बँक आणि मोलास अशा दोन खिंडी. मोलासच्या माथ्यावर पाच मिनिटं थांबाच. खाली तळं आणि पलीकडे ग्रेनाडिअर शिखरांची ओळ, करवतीच्या दात्यांसारखी.

मिलियन डॉलर हायवे खरंच इतका भीतीदायक आहे का?

सिल्व्हरटन ते युरे हा पंचविसेक मैलांचा घाट. आंबेनळी किंवा वरंध्यात गाडी चालवलेल्या माणसाला वळणांचं काही वाटणार नाही. वेगळेपण कठड्याचं आहे: युरेजवळच्या दरीत रस्त्याच्या कडेला कठडा जवळपास नाहीच. हिवाळ्यात बर्फ ढकलायला जागा हवी, म्हणून.

एक युक्ती कामाची आहे. अमेरिकेत गाडी उजवीकडून, त्यामुळे सिल्व्हरटनहून युरेकडे जाताना तुम्ही डोंगराच्या बाजूने असता. युरेहून येताना दरीच्या बाजूने. चालवणाऱ्याला धास्ती असेल तर आधी सिल्व्हरटन, मग युरे असं आखा आणि परत त्या रस्त्याने येऊच नका, मॉन्ट्रोजमार्गे निघा. पावसात, अंधारात, आणि मोठी आर.व्ही. (आत राहायची सोय असलेली गाडी) घेऊन पहिल्यांदाच जात असाल तर हा रस्ता टाळा.

नावाचं कारण विचाराल तर गावात दोन-तीन गोष्टी ऐकायला मिळतात. कुणी म्हणतं मैलाला दहा लाख डॉलर खर्च आला, कुणी म्हणतं भरावाच्या मातीतच तेवढं सोनं गेलं. मूळ रस्ता ऑटो मेअर्स नावाच्या माणसाने १८८० च्या दशकात टोल घेऊन चालवला. त्याचा टोलनाका बेअर क्रीकच्या धबधब्यावर होता, जिथून वळसा घालून जायला जागाच नाही! आज तिथे थांबून धबधबा वरून पाहता येतो.

वाटेत तांबडे डोंगर लागतात, लोखंडाच्या गंजाने खरोखरच तांबडे झालेले, आणि यांकी गर्ल खाणीचा लाकडी सांगाडा अजून उभा दिसतो. त्याच रस्त्यावर एक स्मारक आहे, बर्फ हटवताना हिमस्खलनात गेलेल्या तीन नांगर-चालकांचं. १९७०, १९७८ आणि १९९२. हा रस्ता हिवाळ्यात उघडा राहतो तो अशा माणसांमुळे. आम्ही दर वेळी तिथे गाडी बाजूला घेऊन उतरतो.

आई-बाबांना ती उंची सोसेल का?

नीट आखलं तर बहुतेकांना सोसते. मात्र हा प्रश्न हलक्यात घेऊ नका.

अंदाज यावा म्हणून: कळसूबाई १,६४६ मीटर. ड्युरँगो, जे आपण "पायथ्याचं गाव" म्हणतो, तेच १,९८५ मीटरवर आहे. सिल्व्हरटनला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागणारच. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हेही होतं, आणि ते वयावर नसतं. धडधाकट तरुणांनाही होतं.

आमच्या आईला हे झालं. आम्ही तिला भारतातून आल्याच्या चौथ्या दिवशी थेट वर नेलं. रात्री दोन वाजता ती पलंगावर उठून बसली होती, डोकं दोन्ही हातांत धरून. "पित्त झालंय गं," म्हणत होती. पित्त नव्हतं. पहाटे तिला गाडीत घालून ड्युरँगोला उतरवलं, आणि नऊ वाजता तिने चहा मागितला. खाली उतरणं हाच यावरचा खरा उपाय आहे, हे तेव्हा शिकले. बुद्धी थोडी आधी सुचायला हवी होती.

तेव्हापासूनचा आमचा क्रम: डेन्व्हरला किमान तीन दिवस, मग ड्युरँगोला दोन रात्री, मग सिल्व्हरटनला एक. पाणी सतत थोडं थोडं. पहिल्या रात्री हलकं जेवण, मद्य नाही. वर गेल्यावर पहिल्या दिवशी भटकंती नको, बाकावर बसून गाव बघायचं. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास, रक्तदाबाच्या गोळ्या असं काही असेल तर भारतातून निघण्यापूर्वीच त्यांच्या डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा. उंचीवर घ्यायची गोळी द्यायची का तेही तेच ठरवतील. धाप बसल्या जागी लागत असेल, खोकला वाढत असेल, बोलणं-चालणं अडखळत असेल तर सकाळची वाट पाहू नका, लगेच खाली निघा. मोठं हॉस्पिटल ड्युरँगोला आहे.

जुन्या हॉटेलांत लिफ्ट असेलच असं नाही. खोली तळमजल्यावर मागून घ्या.

शाकाहारी लोकांचं जेवणाचं काय?

गावात पिझ्झा, बटाटे, सॅलड, बीन्सचे बरिटो, सकाळी पॅनकेक. दोन दिवस निघतात, तिसऱ्या दिवशी आई-बाबांचे चेहरे पडतात. म्हणून स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि सामान ड्युरँगोलाच भरा. वरच्या दुकानात मोजकंच मिळतं.

आणि प्रेशर कुकर न्या. हे मी गंभीरपणे सांगतेय. त्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. आम्ही पातेल्यात तूरडाळ चढवली, ती पाऊण तास उकळत राहिली, वर फेस, खाली दाणा अख्खा. भाताचा कण बाहेरून मऊ आणि मधोमध खडूसारखा. कुकर नसेल तर मसूर किंवा मूगडाळ रात्री भिजत घाला, नाहीतर सरळ पोहे, उपमा, सांजा यांवर राहा. चहाही लवकर उकळतो पण उतरत नाही. पावडर थोडी जास्त आणि झाकण ठेवून पाच मिनिटं. पुढच्या खेपेला तीन लिटरचा कुकर नेला. पहिली शिट्टी झाली तेव्हा शेजारच्या खोलीतल्या बाई दार वाजवून विचारायला आल्या, सगळं ठीक आहे ना. त्यांना मऊ खिचडी, वर तूप, मेतकूट दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मेतकुटाचं नाव कागदावर लिहून घेतलं.

गाडीत खायला दशम्या, तिळाची चटणी, चिवडा. डब्यात खाऊ चालतो.

कुठल्या महिन्यात जावं?

माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. ॲस्पेनची झाडं पिवळी होतात आणि अख्ख्या उतारावर हळद सांडल्यासारखी दिसते. पाऊस कमी, हवा कोरडी, रात्री गोठणाऱ्या. मुलांच्या शाळा असतात ही अडचण.

फुलं हवी असतील तर जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्टचे पहिले दिवस. कासच्या पठारावर जाणाऱ्यांना सांगायला नको, फुलांसाठी आठवडा चुकला की चुकला. निळी-पांढरी कोलंबाइन, कोलोरॅडोचं राज्यफूल, याच सुमाराला. पण हाच तिकडचा पावसाळा. रोज दुपारी एक-दोनला ढग येतात आणि विजा कडाडतात. झाडांच्या रेषेच्या वर, म्हणजे झाडं संपतात त्या उंचीच्या वर, असाल तर दुपारी बाराच्या आत खाली उतरलेलं असावं. सकाळी आकाश निळंशार होतं म्हणून उशिरा निघालो, हे सबबीला चालत नाही.

जूनमध्ये वरच्या वाटांवर अजून बर्फ असतो. भर जुलैतही रात्री तीन-चार अंशांपर्यंत उतरतं.

गावात बघायचं काय?

१९०२ च्या तुरुंगात आता खाणींचं संग्रहालय आहे. दोन तास द्या. सोनेरी घुमटाचं कोर्ट बाहेरून. ब्लेअर स्ट्रीटवर एके काळी दारूचे गुत्ते आणि कोठ्या होत्या. आज तिथे दुकानं आहेत. गाइड तिथले किस्से हसून सांगतात. मला त्या हसण्यात सामील व्हावंसं वाटत नाही, त्या बायकांचं आयुष्य हसण्यासारखं नव्हतं.

अँव्हिल डोंगराच्या उतारावर येशूचा संगमरवरी पुतळा आहे, १९५९ मध्ये खाणकामगारांसाठी उभा केलेला. तिथवर पायी चढून जाता येतं, आणि संपूर्ण गाव पायाखाली दिसतं. त्याच्याशी जोडलेली एक हकीकत गावात सगळे सांगतात. ४ जून १९७८, रविवार. सनीसाइड खाणीच्या वर एमा नावाचं तळं होतं. त्याचा तळ फुटला आणि सगळं पाणी, चिखल, लाकडं बोगद्यांतून धडाडत खाली आली. कामाच्या दिवशी आत शंभराहून जास्त माणसं असायची. रविवार म्हणून एकही नव्हता. गावाचा विश्वास आहे की हे त्या पुतळ्याने केलं. आपण काय मानायचं ते मानावं, पण ज्या घरातला माणूस सोमवारी त्या खाणीत उतरणार होता त्या घराला दुसरं काय वाटणार?

वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि हिलसाइड दफनभूमीत जा. गावाच्या वरच्या अंगाला, गवतात. स्वीडन, इटली, ऑस्ट्रिया, कॉर्नवॉलहून आलेली माणसं इथे आहेत, निम्मी पस्तिशीच्या आतली. बर्फाखाली गेलेले, सुरुंगात गेलेले, दगडाची धूळ फुप्फुसात साचून गेलेले. १९१८ च्या फ्लूमध्ये गावातली शंभराहून जास्त माणसं काही आठवड्यांत दगावली आणि बऱ्याच जणांना एकत्र पुरावं लागलं. एका लहानग्याच्या दगडावर कोरलेलं कोकरू आहे, झिजून त्याचं तोंड गेलंय. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ती गावांची नावं वाचताना काय होतं ते तिथे उभं राहिल्यावरच कळेल.

ॲनिमस फोर्क्सला जायला जीप लागते का?

ओस पडलेलं खाणगाव, सिल्व्हरटनहून बारा मैल, सुमारे ३,४०० मीटरवर. रस्ता मातीचा. कोरड्या दिवसांत उंच चाकांची गाडी तिथवर सावकाश जाते, साध्या सेडानने मी जाणार नाही. त्याच्या पुढच्या सिनॅमन आणि एंजिनिअर खिंडींना मात्र फोर-व्हील ड्राइव्ह हवीच. भाड्याच्या साध्या गाडीचा करार मातीच्या रस्त्यांना बहुधा मनाई करतो, तोही वाचा. सिल्व्हरटनमध्ये जीप दिवसाच्या भाड्याने मिळते, आणि जीपवाल्यांच्या फेऱ्याही असतात. आई-बाबांसाठी ती फेरीच उत्तम.

तिथे १८७९ चं एक घर उभं आहे, पुढे आलेल्या खिडकीचं. आत जाता येतं. १८८४ मध्ये इथे तेवीस दिवस सलग बर्फ पडलं आणि लोकांनी घराघरांतून बोगदे खणून ये-जा केली. त्या खिडकीत उभं राहून मुलांना ही गोष्ट सांगा. खिळा, काच, लाकूड, काहीही उचलून आणू नका.

नदीचे दगड नारिंगी का दिसतात?

खाणींमुळे, आणि थोडं मुळातल्या खडकांमुळेही. ५ ऑगस्ट २०१५ ला गोल्ड किंग या जुन्या खाणीच्या तोंडाशी सरकारी पर्यावरण खात्याचं काम चालू असताना आत साचलेलं पाणी फुटलं. तीस लाख गॅलन. ॲनिमस ड्युरँगोच्याही पुढे पिवळी-नारिंगी झाली. नंतर २०१६ मध्ये हा सगळा भाग साफसफाईच्या राष्ट्रीय यादीत आला आणि ते काम चालू आहे. ओढ्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी पिऊ नका, मुलांना खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर खेळू देऊ नका.

मुलांना काय आवडेल?

ओल्ड हंड्रेड खाणीची सफर. छोट्या गाडीत बसून डोंगराच्या पोटात जायचं, पिवळी हेल्मेटं घालून. आत बारा महिने थंडी, नऊ अंशांच्या आसपास, स्वेटर हवा. यंत्रांचा आवाज कानठळ्या बसवणारा असतो. खूप लहान मुलं घाबरतात. बाहेर पाण्यात सोनं गाळायला देतात. तिथून मुलांना हलवणं हेच मोठं काम.

चालणारी मोठी मुलं असतील तर आइस लेक. चढ दमवणारा आहे, तळं ३,७०० मीटरच्या वर आणि पाणी रंगपेटीतल्या निळ्यासारखं. सकाळी सहाला सुरुवात.

मोबाइल, पेट्रोल, औषधं?

दऱ्यांत फोन चालत नाही. नकाशा आधी उतरवून ठेवा. टाकी ड्युरँगोला पूर्ण भरा. रोजची औषधं मोजून दोन दिवसांची जास्त घ्या, कारण दरड किंवा वणव्याने रस्ता बंद झाला तर वरच अडकायला होतं.

मेसा व्हर्डे यात जोडावं का?

हो, पण वेगळा दिवस धरून. ड्युरँगोच्या पश्चिमेला तासाभरावर. कड्याच्या कपारीत बांधलेली प्यूब्लो लोकांच्या पूर्वजांची घरं, सुमारे आठशे वर्षांपूर्वीची. क्लिफ पॅलेसमध्ये दीडशेच्या आसपास खोल्या आहेत. आत जायचं तर रेंजरबरोबरच आणि आगाऊ तिकीट काढून. शिड्या चढाव्या लागतात, गुडघेदुखीवाल्यांनी वरच्या सज्जावरून पाहावं.

हिवाळ्यात गेलं तर?

आम्ही फेब्रुवारीत गेलो तेव्हा गाव अर्धं बंद होतं आणि अतिशय सुंदर. पण हिमस्खलनामुळे रस्ता कधीही तासन्‌तास बंद होतो, टायर बर्फाचे लागतात, आणि तिथलं मोठं स्की क्षेत्र फक्त पट्टीच्या स्कीवाल्यांसाठी आहे. भारतातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन मी हिवाळ्यात जाणार नाही. युरेच्या गरम पाण्याच्या कुंडात बसून वर बर्फ पडताना बघणं मात्र ज्याला जमेल त्याने करावं.

सामानात काय विसरू नये?

कानटोपी आणि वाऱ्याचं जाकीट, ऑगस्टमध्येसुद्धा. ओठांना आणि टाचांना लावायला कोकम तेल किंवा व्हॅसलीन, हवा इतकी कोरडी असते. सनस्क्रीन, कारण थंडी वाजत असतानाच कातडी भाजते. आजीची शाल. गॉगल. कुकर, आणि कुकरची जादा रिंग. आमची जुनी रिंग तिथेच चिरली आणि ड्युरँगोत मिळाली नाही.